दुसरी बाही

आमच्या घरात छापील कागदाला कधी तोटा नव्हता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, फौंड्रीत कामाला होते आणि तिथल्या कामगारांची पत्रकं तेच लिहायचे. गडमुडशिंगीच्या आमच्या दोन खोल्यांत कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असत. अक्षरं जुळवायला मी त्यांच्यावरच शिकले. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता येत होते. अजूनही एखादी गोष्ट पटली नाही की मला ती साधेपणानं सांगता येत नाही, आपोआप मुद्दे पडायला लागतात. आई म्हणते, "हिला आमटीत मीठ कमी हाय म्हणायचं असलं तरी ही ठराव मांडती."

विणकाम मी शाळेत शिकले, कार्यानुभवाच्या तासाला. बाई फळ्यावर टाके लिहून द्यायच्या आणि सगळ्या मुलींनी एकसारखं टोपडं विणायचं. मुलं तेवढा वेळ मैदानावर. मुलांना सुया का नाहीत, असं मी विचारलं तर बाईंनी मला दाराबाहेर उभं केलं. सुया मात्र हातात राहिल्या. पुढे मैत्रिणींकडून पुस्तिका आणून, फोनवर बघून मी मफलर विणले, टोप्या विणल्या, बिनबाह्यांचे स्वेटर विणले. लिहिलंय तसं विणायचं, एवढंच तेव्हा ठाऊक होतं.

एका पावसाळ्यात आबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं. पाय बऱ्यापैकी आला, काठी घेऊन ते चालायला लागले. डावा हात मात्र आला नाही. तो कोपरात वाकून छातीशी येऊन बसला आणि त्याची मूठ मिटली ती उघडेना. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं की हा हात गार पडू द्यायचा नाही. थंडी लागली तशी त्याची पंचाईत झाली. शाल एका हातानं धरून ठेवता येईना, ती घसरायची. जुना स्वेटर होता, तो आईला घालून द्यावा लागायचा. आधी तिनं वाकडा हात धरून बाहीत सारायचा, मग डोकं गळ्यातून काढायचं, मग दुसरा हात. आबा तोवर भिंतीकडं बघत बसायचे.

एकदा हे चाललेलं असताना फौंड्रीतले त्यांचे एक जुने सोबती दारात येऊन उभे राहिले. आबांचं डोकं नेमकं स्वेटरच्या आत होतं.

"काय नेते, लपंडाव खेळताय व्हय?"

माणूस मनानं चांगला. आबाही आतल्या आत हसले, चहा झाला, गप्पा झाल्या. ते गेल्यावर आबा आईला म्हणाले, "सहा डिसेंबरला मी येनार न्हाय."

सहा डिसेंबरला आमच्यातले सगळे सकाळी पांढरे कपडे घालून शहरातल्या चौकात पुतळ्याला अभिवादन करायला जातात. मला कळायला लागल्यापासून आबांनी तो दिवस चुकवलेला नाही. पाळी बदलून घेऊन, पगार कापून घेऊन ते गेलेले आहेत.

"अवो, मी घालून देते की कापडं," आई म्हणाली. "कुनाला कळतंय?"

"मला कळतंय," आबा म्हणाले. "कुनी नटवून न्यायला मी काय बाहुला हाय? माझं मला घालता आलं तर येतो. न्हायतर तुमी जावा."

सदऱ्याचं त्यांचं त्यांनी जमवलं होतं. ढगळ सदरा मांडीवर पसरून, वाकडा हात आधी घालून, हिसके देत देत ते तो अंगात चढवत. अडत होतं ते वरच्या गरम कपड्याशी. बाजारातला कुठलाच स्वेटर त्या हातावर चढत नव्हता आणि स्वेटरशिवाय सकाळी रिक्षातून एवढ्या लांब जायचं तर तो हात गारठून लाकूड झाला असता. तेव्हा स्वेटर मी विणायचा ठरला.

मी शिवाजी पेठेत एका डीटीपीच्या दुकानात काम करते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, फुटबॉलच्या मोसमात पेठेतल्या संघांचे फलक. तिथून दोन पावलांवर लोकरीचं दुकान आहे. मी पांढरी लोकर मागितली तर दुकानदार काढून देईनात.

"ताई, पांढरी न्हेऊ नका. घालून बाहेर पडला की मातकट हुतीया. राखाडी घ्या, वर्षभर धुवायला नको."

"सहा तारखेला पांढरंच लागतं."

"मग आधी सांगायचं की," असं म्हणून त्यांनी वरच्या फळीवरचे गुंडे काढले.

पुढून उघड्या स्वेटरच्या जेवढ्या मिळाल्या तेवढ्या पुस्तिका मी चाळल्या. छातीची मापं होती, उंचीची होती, कुठे किती टाके वाढवायचे याचा हिशेब होता. आणि प्रत्येक ठिकाणी एक बाही झाली की तेच वाक्य: दुसरी बाही याचप्रमाणे विणावी. माणसाचे दोन्ही हात सारखेच असणार, याबद्दल लिहिणाऱ्यांना जराही शंका नव्हती. मला संताप आला. ज्याचा एक हात उलगडत नाही तो माणूस मोजलाच जात नाही, त्याला माप नाही, त्याला थंडीही वाजत नसावी, असं बरंच काही मी स्वयंपाकघरात आईला ऐकवलं. ती भाकरी थापत होती.

"मग न बघता विन की," ती म्हणाली. "पोलीस येत्यात व्हय धरायला?"

असं ते सुरू झालं. गळ्याशी टाके घालायचे आणि खाली खाली विणत जायचं. मधेच टाके जाड दोऱ्यावर उतरवून स्वेटर अंगावर घालून बघायचा. जिथे ओढतंय तिथे वाढवायचे, जिथे झोळ येतोय तिथे कमी करायचे. फळ्यावर काही नाही, कागदावर काही नाही. विणायचं ते समोरच्या अंगाकडे बघून. मला हे फार आवडलं. दुकानात कामाच्या मधे मी सुया काढून बसायचे आणि कुणी विचारलं, कुठला नमुना, तर ऐटीत सांगायचे की नमुना घरी आहे.

माप बघायची वेळ आली की आबा उठून उभे राहायचे. काठी भिंतीला टेकवायची, छाती पुढं काढायची. मग उजव्या हातानं डाव्याचं मनगट धरून तो खाली ओढायचा आणि सरळ करून धरून ठेवायचा. आमच्या घरात कुणालाच यात वावगं दिसलं नाही. आम्हाला लहानपणापासून शिकवण तीच. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा, रेशनच्या दुकानात, साहेबाच्या टेबलासमोर, जिथे कुणी आपल्याकडं बघून काही लिहून घेणार असेल तिथे ताठ उभं राहायचं. माप देणं हेही त्यातलंच. उलट हात एवढा सरळ होतोय हे बघून मला आणि आईला बरंच वाटायचं. ते हात धरून ठेवत, मी बाही वर सरकवून बघत असे, आणि बाही छान बसत असे.

नोव्हेंबर सरायच्या आत स्वेटर झाला. आबा तो घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटलं. आम्ही बाहेर थांबलो. बराच वेळ गेला. ते बाहेर आले तेव्हा स्वेटर उजव्या खांद्यावर लटकत होता, डावी बाही रिकामी होती आणि कपाळावर घाम होता.

"तुझी बाही अरुंद हाय."

"परवा बसली की व्यवस्थित!"

"परवा तू ओढत हुतीस."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. उजव्या हातानं डावा सरळ धरला तर बाही ओढायला हात उरत नव्हता. बाही ओढायला घेतली की डावा परत छातीशी.

"आता तिसरा हात कुठनं आनायचा?" आई म्हणाली.

माझा तोल गेला. "आबा, तुमी हात सरळ धरून माप का दिलंत? हाय तसा दावायचा न्हाय व्हय?"

"माप द्यायला काय वाकडं उभं ऱ्हायचं?"

"व्हय! वाकडा हाय, तर वाकडाच दावायचा!"

त्या हाताला त्यांच्या तोंडावर वाकडा आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आम्ही 'डावा' म्हणायचो, मॅडम 'अफेक्टेड' म्हणायच्या. आबा खुर्चीत बसले. स्वेटर मांडीवर घेऊन त्याच्याकडं बघत राहिले. आई मला डोळ्यांनी दटावत होती.

"उसव," थोड्या वेळानं आबा म्हणाले. "माझ्या ध्यानातच न्हाय आलं बघ."

मी बाहीचा शेवटचा टाका मोकळा केला. ते खुर्चीत, मी समोर पाटावर. धाग्याचं टोक त्यांनीच उजव्या हातानं ओढायला घेतलं आणि मी गुंडा करत गेले. डावा हात त्यांनी सोडून दिला होता. तो छातीशी, त्याला बसायचं तसा बसला होता. मी तो असा नीट कधी बघितलाच नव्हता. कोपर बरगडीपासून पुढं येतं, मनगट आत वळतं, अंगठा मुठीच्या आत जातो. बघायचं म्हटलं की मीच नजर काढून घ्यायचे.

नवी बाही त्या हातावर झाली. काखेशी पिशवीसारखी ऐसपैस, आणि मनगटापासून दंडापर्यंत बाहेरच्या अंगानं उघडी. हात घालायचा नाही, नुसता ठेवायचा, आणि वरून मोठी बटणं लावून घ्यायची. आता आबांना रोज सूचना सुचू लागल्या.

"बटनं वरच्या अंगाला घे. माझा हात वरनं येतोय, खालनं न्हाय."

"आनि काजं सैल ठेव. बोटांची घाई हुतीया."

"दुरुस्ती मंजूर," आई भांडी घासता घासता म्हणायची.

स्वेटर दिसायला काही खास झाला नाही. उजवी बाही अंगाबरोबर, नेटकी, डावी लोंबती. आईनं बघितल्या बघितल्या तिला पोतं म्हटलं. आबांनी बाहीची पाठराखण केली. पोतं तर पोतं, पण भरायला सोपं आहे, म्हणाले.

सहा तारखेला सकाळी आम्ही तयार होऊन बाहेर आलो. "कुनी आत यायचं न्हाय," असं सांगून आबांनी दार लोटलं. आई पांढरं लुगडं नेसून, चपला घालून ओट्यावर बसली. गल्लीतल्या रिक्षावाल्यानं तोंड काढून हाक मारली, "चला की ओ मावशी, गर्दी हुतीया तिकडं!"

"थांब जरा. हवा खा."

आत काठी पडल्याचा आवाज झाला. आई उठली. दोन पावलं गेली, दाराला हात लावला आणि परत येऊन बसली. रिक्षावाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता बसून राहिलो.

मग दार उघडलं. आबांच्या अंगात स्वेटर होता. बाहीची बटणं लागलेली होती, एक सोडून. पुढची सगळी लागली होती. गळ्याची पट्टी तेवढी एका बाजूनं आत दुमडली गेली होती. आईचा हात तिच्याकडं गेला, अर्ध्यावर थांबला, आणि तिनं आपलाच पदर सारखा केला.

"नुसतं बसलायसा काय?" आबा म्हणाले. "ते पोरगं बोंबलतंय कवापासनं."

चौकात आम्ही रांगेत उभे राहिलो, फुलं वाहिली, ओळखीचे लोक भेटले, ऊन वर आलं. पट्टी घरी येईपर्यंत तशीच दुमडलेली होती. तिला आम्ही कुणीच हात लावला नाही.