ग्रादिलास ते सोसिएदाद

आमच्या काराकासच्या जुन्या पेठेत घराचा नंबर कोणी विचारत नाही. कोपऱ्यांना नावं आहेत, आणि पत्ता म्हणजे दोन कोपरे. एदुविहेसबाईचा पत्ता ग्रादिलास ते सोसिएदाद. त्या दोन कोपऱ्यांच्या मधोमध, कापडाच्या दुकानांपुढे, ती एकवीस वर्षं थर्मासमधली कॉफी विकते. शेजारी मी बूट पॉलिश करतो. आम्ही दोघं त्रुहियोच्या डोंगरातले. आमचा माणूस मी लांबून ओळखतो. सपाट रस्त्यावरही तो चढ असल्यासारखा पुढं झुकून चालतो.

तिचा धाकटा भाऊ तिबुर्सियो अकरा वर्षं तिच्याशी बोलत नव्हता. आई गेली तेव्हा रस्त्यावर दरड कोसळलेली, ही पोचू शकली नाही. त्यानं ते मनात धरलं. गेल्या महिन्यात मात्र गावच्या माणसाबरोबर निरोप आला: गुरुवारी येतो, बारापर्यंत थांबेन, मग परतीची बस. हिनं त्याच माणसाबरोबर पत्ता पाठवला.

गुरुवारी ती इस्त्रीचा झगा घालून आली. साडेअकरा झाले. ना वरून कोणी, ना खालून. आणि ती तर जागची हलेना.

"विचारेल की कुणाला तरी," मी म्हणालो.

"तो? मेला तरी वाट विचारणार नाही. आमचा बाप तसाच होता." कॉफी ओतता ओतता तिचा हात थांबला. "अगं बाई! गावात एका जागेला एकच नाव असतं. पहिलं ऐकलं असेल आणि तिथंच बसला असेल!"

थर्मास तिथंच टाकून ती वर निघाली. मीही मागोमाग.

ग्रादिलासच्या कोपऱ्यावर, एका दुकानाच्या पायरीवर, तिबुर्सियो गाठोडं शेजारी ठेवून बसला होता.

"सातपासून बसलोय," तो म्हणाला. "वाटलं, याही वेळी येत नाहीस."

"शंभर पावलांवर उभी होते रे गाढवा! ग्रादिलास ते सोसिएदाद सांगितलं होतं ना?"

"माणूस काय दोन ठिकाणी राहतं होय, ताई?"

"मधे राहतं! जरा चालून बघायचं होतंस."

"मी तिकडं गेलो असतो आणि तू इथं आली असतीस, तर?"

सकाळपासून एदुविहेसही याच भीतीनं जागची हलली नव्हती.

"आईच्या वेळी..." तिनं सुरुवात केली.

"दरड कोसळलेली, ठाऊक आहे. मागाहून कळलं. मग यायचीच लाज वाटत राहिली."

त्यानं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं, आणि पायरीवर तिच्यापुरती जागा केली.