बाजूला काढलेला घास

वेंगुर्ल्याहून एस. टी. सुटली तेव्हा आपांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मांडीवर उकड्या तांदळाची पिशवी होती आणि कपाळावर आठ्या. माझा धाकटा भाऊ सुरेश मुंबईत चारकोपच्या कारखान्यात यंत्रं जोडतो. कंपनी त्याला दोन वर्षांसाठी जपानला पाठवायला तयार होती, पण आपा होकार देत नव्हते आणि त्यांच्या होकाराशिवाय तो जाणार नव्हता. "ते लोक खातत काय, ता आधी माका बघूचा हा," एवढंच त्यांचं म्हणणं. मी शिक्षक, शाळेला सुट्टी होती आणि आयती मुंबई घडत होती, तेव्हा मी खुशीत होतो.

बोरिवलीला पहाटे उतरलो. सुरेश नाक्यावर उभाच होता. चहा पाजता पाजता त्याने सांगितलं, की त्याचे जपानी साहेब, तानाका, दुपारी आम्हाला जुहूला जपानी जेवण देणार आहेत.

"आपा, तिथे जरा सांभाळून बोल हां. नाहीतर माझी वाट लागेल."

आपांनी बशीतला चहा संपवला.

हॉटेलाच्या दारात तानाका साहेब कमरेत वाकले. आपाही गडबडीने वाकले. म्हणून साहेब पुन्हा वाकले, म्हणून आपाही. हे बराच वेळ चाललं. आत चटया आणि बुटकं मेज बघून आपा माझ्या कानाशी म्हणाले, "मांडी घालून जेवतत. बरा हा." माझ्याही आशा वाढल्या.

त्या आशांवर पहिल्याच ताटलीने पाणी फिरवलं. साशिमी (कच्च्या माशाचे काप) आली. जन्म समुद्राकाठी काढलेल्या आपांनी एक काप उजेडात धरला. "सुरमई. ताजी हा. पण मेल्यांनी चूलच पेटवूक नाय!"

काय म्हणाले, असं साहेबांनी विचारलं. सुरेशने इंग्रजीत सांगितलं, "मासा ताजा आहे म्हणतात."

मग मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं सार) आलं, शेवाळ आलं. तिखट नाही, खोबरं नाही, कोकम नाही. लग्नाच्या पंगतीत कुणाला हार न जाणारा मी, पण तिथे हात टेकले. त्यात जेवायच्या काड्यांतून निसटलेला माझा काप आपांच्या धोतरावर पडला. सुरेशचा चेहरा उतरत चालला होता. आपांचा नकार मलाही स्पष्ट दिसत होता.

शेवटी भात आला, पांढरा आणि चिकट. आपांनी रोजच्यासारखा पहिला घास पितरांच्या नावाने काढून वाडग्याच्या झाकणावर ठेवला आणि हात जोडले. घरी हा घास मागीलदारी कावळ्याला जातो.

"आपा, इथे नको ना," सुरेश पुटपुटला.

साहेबांनी काड्या खाली ठेवल्या आणि हे काय, म्हणून विचारलं. सुरेशने चाचरत सांगितलं. साहेब हळूहळू बोलू लागले आणि सुरेश आम्हाला सांगत गेला. त्यांच्या घरी भात झाला की आई पहिली वाटी वडिलांच्या फोटोपुढे ठेवते. मगच सगळे जेवतात. वडील वारले तेव्हा साहेब चारकोपला होते, पोहोचू शकले नाहीत. इथे एकट्याने जेवताना तसा भात ठेवावा, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

त्यांनी आपल्या झाकणावर एक घास काढला आणि हात जोडले. आपांनी स्वतःचं झाकण त्यांच्या झाकणाशेजारी सरकवलं. मग तो भात, नुसताच, शेवटच्या शितापर्यंत संपवला.

बाहेर आल्यावर आपा सुरेशला म्हणाले, "जा तू. पण थंय गेल्यावर आधी साहेबाच्या आवशीक भेट."

साहेबांच्या आईला आधी भेटेन, म्हणत सुरेश तिथेच त्यांच्या पाया पडला. माझेही डोळे भरून आले. पोट मात्र रिकामं होतं, ते चौपाटीवर भेळेने भरलं.

गावात आल्यापासून जो तो विचारतो, जपानी जेवण कसं होतं? खरं सांगतो, वाईट होतं. तरी तानाका साहेबांचे आणि त्या अळणी ताटाचे उपकार मी विसरणार नाही.

आम्ही परतलो त्या दिवशी दुपारी आईने पानं वाढली. आपांनी दोन घास बाजूला काढले.

"आज दोन कित्याक?" आईने विचारलं.

"एक आपल्या पितरांचो. दुसरो त्या साहेबाच्या बापाशीचो," आपा म्हणाले. "साहेब त्याचो झील, थंय मुंबयत एकटोच जेवता. घास काढूक इसारलो तर?"