कोणत्या खांद्यावर

तिनं माझे पाय धुतले आणि मग ती स्वतः अंघोळीला गेली.

मी दहा वर्षांची होते. आम्ही अलीगंजला भाड्यानं राहायचो. बाबा एअरफोर्सच्या मेसमध्ये स्वयंपाकी, बदली होऊन लखनौला आलेले. नवरात्रातली नवमी होती. इकडे त्या दिवशी घरोघरी नऊ मुली बोलावतात. त्यांना देवी मानून पाय धुतात, पुरी, हलवा, चणे वाढतात. शेजारच्या मैत्रिणीकडे एक मुलगी कमी पडत होती. तिच्या आजीनं हाक मारली, मी धावत गेले.

आजीनं परातीत माझे पाय घेतले. धुतले, पुसले, अळता लावला. डोक्यावर लाल चुनरी घातली. मग वाकून माझ्या पायांवर कपाळ टेकवलं. मला गुदगुल्या झाल्या. पहिला घास तोंडात होता तेव्हा तिनं कौतुकानं विचारलं, "तुम लोग मराठी पंडित हो न, बिटिया?"

"नहीं अम्मा. हम बौद्ध हैं."

ताठ बसून सांगितलं. बाबांनी तसंच शिकवलं होतं.

आजीला काही कळलं नाही. मैत्रिणीचे काका बँकेत होते, काही वर्षं नागपूरला राहिलेले. ते आजीच्या कानाशी लागले. दोन शब्द बोलले असतील, जास्त नाही.

"उठो."

बिटिया गेलं. नुसतं उठो. माझं ताट भिंतीकडे सरकवलं. चुनरी मीच काढून ठेवली. आजी न्हाणीघरात शिरली. अंगावर बादली ओतल्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. आठ मुली हलवा खात होत्या. मैत्रीणही त्यांच्यातच. तिनं मान वर केली नाही.

घरी आईनं साबण लावून दगडानं माझे पाय घासले. अळता जाईना. ती चिडली होती आणि मला वाटलं, माझ्यावरच. म्हणाली, "यापुढं कुणी विचारलं तर महाराष्ट्रातले आहोत म्हणायचं. पुढं तोंड उघडायचं नाही."

मी शहाणी मुलगी होते. अठरा वर्षं ऐकलं. इकडच्या लोकांना आमच्या आडनावांतलं काही कळत नाही. शेवटी 'कर' दिसलं की झाला पंडित. मी त्यांना तसं समजू दिलं. शाळेत, कॉलेजात, मग ज्या नर्सिंग होममध्ये आहारतज्ज्ञ म्हणून लागले तिथंही. खोटं कधीच बोलले नाही, असं स्वतःला बजावत राहिले. गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे म्हणे. काय साळसूद होते मी!

गेल्या वर्षी ती नोकरी चालून आली. उपवासाचं तयार जेवण डब्यांतून विकणारी कंपनी. पगार तिप्पट, शिवाय राहायला तळमजल्यावरचा फ्लॅट. पगाराचं सोडा, मी त्या तळमजल्याला भुलले. आम्ही जानकीपुरमला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत. आठ महिने ते खाली उतरले नव्हते. बाल्कनीतून दोरीला टोपली बांधून सोडायचे, खालचा सब्जीवाला त्यात भाजी टाकायचा. घराबाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध तेवढाच.

मालक मृदू माणूस. स्वतः उठून मला खुर्ची दिली.

"आप मराठी ब्राह्मण हैं, है न?"

"जी, महाराष्ट्र से हैं."

आईनं शिकवलेलं वाक्य, आपोआप आलं. मालक खूश. डब्यावर माझा फोटो येणार होता आणि खाली छापणार होते, 'पंडिताइन की देखरेख में'. जाहिरातीची फिल्म आमच्याच घरी काढायची ठरली. साधं, खरं घर हवं होतं त्यांना. खरं!

धाकट्या भावाशी मराठीत बोललं तरी तो उत्तर हिंदीतच देतो. म्हणाला, "ताई, यार, किसको पता चलेगा? पापा नीचे तो उतरेंगे." आई जाऊन तीन वर्षं झाली होती, नाहीतर तीही हेच म्हणाली असती. बाबा टोपली सोडायला बाल्कनीत गेले. मी दुसऱ्या दिवशी नर्सिंग होमचा राजीनामा दिला.

शूटिंगच्या सकाळी बाहेरच्या खोलीत आले तर भिंत मोकळी. निळ्या कोटातला, हातात संविधान घेतलेला फोटो बाबांनी स्वतःच उतरवला होता. प्रत्येक बदलीत नव्या घरात सगळ्यात आधी लागायचा तो फोटो. टॉवेलात गुंडाळून दिवाणाच्या खणात ठेवला होता. मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण कसं सांगायचं या विचारात दोन दिवस घालवले होते, हेही खरं. सुटले, असं वाटलं. तसं वाटलं याची मला आजही लाज वाटते.

माणसं आली. कॅमेरा, दिवे, चकचकीत ताटं. बाबांनीच त्या ताटांत साबुदाण्याची खिचडी वाढली. मग कंपनीच्या माणसानं पिशवीतून जानवं काढलं.

"अंकल जी, शर्ट उतारके ये पहन लीजिए. अच्छा लगेगा."

मी काहीतरी बोलेन म्हणून बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी दिव्यांच्या वायरींकडे बघत राहिले. मग त्यांनी शर्टाची बटणं काढली. एकेक. आयुष्यभर साहेबलोकांना जेवू घातलेला माणूस, उघड्या अंगानं, परक्या माणसांसमोर. जानवं गळ्यात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. शेवटी माझ्याकडे वळले आणि हळूच विचारलं,

"पोरी, कोणत्या खांद्यावर गं?"

मला ठाऊक होतं. डाव्या. गप्प राहून राहून मी सगळं शिकले होते. उत्तर जिभेवर आलं आणि मला स्वतःचीच किळस आली.

"काढा बाबा ते." मग त्या माणसाला म्हणाले, "भैया, कैमरा बंद कीजिए. हम पंडित नहीं हैं. हम बौद्ध हैं."

त्यानं मालकांना फोन लावून माझ्या हातात दिला. मालक चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं झालं असतं.

"अरे, हमें कोई दिक्कत नहीं. हम तो ये सब मानते ही नहीं. आप बस किसी से कहिएगा मत."

म्हणजे सगळं जागच्या जागी होतं. पगार, फ्लॅट, तळमजला. फक्त गप्प बसायचं. बाबांनी फोनमधलं बोलणं ऐकलं होतं. त्यांच्या डोळ्यांत आशा होती. आशाच होती ती, मी नीट बघितली.

"कहूँगी," मी म्हणाले आणि फोन परत दिला.

त्यांनी दिवे आवरले. बाबांनी जानव्याची नीट घडी करून पुढं केली. त्या माणसानं हात मागं घेतला. "रहने दीजिए, अंकल." ताटंही नेली नाहीत. ती कंपनीची होती, नवी कोरी. बाबांनी वाढलेली खिचडी त्यांत तशीच होती.

नर्सिंग होममधली माझी जागा भरली गेली. भाऊ महिनाभर बोलला नाही. बाबा एकदाच म्हणाले, "माझ्यासाठी तरी गप्प बसायचं होतंस." ते अजून तिसऱ्या मजल्यावरच आहेत. टोपली वर ओढताना ते मध्येच दम खायला थांबतात, आणि ते बघताना वाटतं, मी चुकले. खरंच वाटतं. फोटो मी पुन्हा भिंतीवर लावलाय.

इंटरव्ह्यूला जाते. अजून कुणी घेतलेलं नाही. खुर्चीत बसले की आधी मी कोण ते सांगते. कुणी विचारलेलं नसतं. समोरचा माणूस गडबडतो, "इसकी क्या ज़रूरत थी" म्हणतो. मग मी प्यायला पाणी मागते. आणि ते कशातून येतं, ते बघत बसते.