अव्वांच्या मुलाबद्दलचा माझा जबाब

अव्वांची विहीर आटलेली होती म्हणून आम्हाला त्यांच्या खोल्या मिळाल्या. पाणी असलेल्या घराला त्या सालात भाडेकरूंची रांग लागायची. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि रोज कुठली तरी नवी कचेरी उघडत होती. माणसं कमी पडत होती म्हणून नांदेडच्या काही पोलिसांना तिकडे धाडलं, त्यात आमचे हे होते. उमरीकडचं आमचं गाव सोडून आम्ही त्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेलो. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. पोलिसांसाठी घरं बांधणार होते, पण अजून नुसत्या खुणा रोवलेल्या होत्या.

पुढच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि दोन मुली. मागच्या दोन खोल्यांत अव्वा आणि त्यांचा मुलगा. मधे एक अंगण. त्यांच्यात आईला अव्वा म्हणतात, मग गल्ली म्हणायची आणि मीही म्हणू लागले. मुलगा कापडाच्या दुकानात कामाला होता. तिशीचा असेल. लग्न ठरत होतं आणि मोडत होतं. मला वहिनी म्हणायचा. मी त्याच्याशी दोन वाक्यांच्या पुढे कधी बोलले नाही. मी कोणाशीच बोलत नसे. बाया टँकरच्या रांगेत भांडायच्या आणि मी माझी घागर घेऊन मागे सरकत सरकत शेवटी जायची. तो ते पाहायचा. एकदा माझी घागर उचलून त्यानं पुढे नेऊन ठेवली. बाया ओरडल्या तर म्हणाला, "त्यांना तोंड न्हाई म्हणून पाणी पण न्हाई व्हय?"

मी चौथी शिकले आहे. हे गल्लीत फक्त अव्वांना माहीत होतं, कारण त्यांची पत्रं मी वाचायची.

टँकर सलग सहा दिवस आला नाही तेव्हा बायांनी तहसीलवर घागर मोर्चा काढायचं ठरवलं. ह्यांनी मला बजावलं होतं, घराबाहेर पडू नको, मी बंदोबस्ताला आहे, साहेबांनी बघितलं तर माझी इज्जत जाईल. मी बरं म्हणाले. पण त्या सकाळी अव्वा दारात आल्या. त्यांचे गुडघे धरलेले होते. म्हणाल्या, घरातली एक तरी बाई जायला पायजे, माझ्या बदली तू जा. नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही. मुली त्यांच्यापाशी ठेवल्या, पदर तोंडावर ओढला आणि गेले.

दुकानं बंद होती म्हणून तोही आला होता, आईची घागर घेऊन. बायांत एकटा गडी. बायांना चेष्टेला विषयच मिळाला. एक म्हणाली, "अगं, नवरी आली बघा, कुंकू लावा कोणी तरी." तो म्हणाला, "लावा की. तेवढं तरी लगीन होईल." सगळ्या हसल्या. पदराआड मीही हसले. त्या दिवसाचं तेवढंच हसू मला आठवतं.

तहसीलच्या फाटकापाशी उन्हात दोन तास उभं केलं. आत कोणी साहेब नव्हताच म्हणे. मागून कोणी तरी दगड टाकला, मग आणखी आले. कोणी टाकले ते मला माहीत नाही आणि मी कधी सांगितलंही नाही. शिट्टी वाजली आणि पोलीस काठ्या घेऊन आत शिरले. धूळ, रिकाम्या घागरींचा आवाज, बाया एकमेकींवर पडत होत्या. मला मागून धक्का बसला आणि काखेतली घागर निसटून गडगडत गेली. तो माझ्या पुढेच होता. म्हणाला, "वहिनी, थांबा," आणि घागर उचलायला वाकला.

त्याच्या वाकलेल्या डोक्यावर काठी बसली. काठी ज्यांच्या हातात होती ते आमचे हे होते.

त्यांनी मला पाहिलं नाही. त्यांना फक्त एक गडी वाकताना दिसला होता. मग त्यांनी त्याला उलटा केला, तोंड पाहिलं, आणि काठी तिथंच टाकली. त्याला खांद्यावर घेऊन धावले. फौजदार मागून हाका मारत होते, जागा सोडू नको म्हणून. हे थांबले नाहीत. सरकारी दवाखान्यापर्यंत उन्हात तसेच धावत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

अव्वांच्यात मेलेल्याला बसवून पुरतात. भस्म लावून, डोक्याची पट्टी तशीच ठेवून त्याला न्यायला निघाले तेव्हा मी आमच्या दारात उभी होते. अव्वा ह्यांच्या जवळ आल्या आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "बापा, माझ्या लेकराला तू उचललंस. देव तुझं भलं करो." ह्यांनी मान खाली घातली.

त्या दिवसापासून ते घर मला मुठीसारखं वाटू लागलं. बाहेर जायचं तर अव्वांच्या दारावरून. चूल पेटवायची तर त्यांच्या समोर. ह्यांनी दुसरी खोली शोधली, पण एक तर गावात खोली नव्हती, आणि जमादारांनी सांगितलं, आत्ता हललास तर लोक म्हणतील याचंच काम आहे. गल्लीला एवढंच ठाऊक होतं की पोलिसाच्या काठीनं मेला. कोणत्या पोलिसाच्या, ते धुळीत कोणाला कळलं नव्हतं. आणि ह्यांना मी घरात होते असंच वाटत होतं. ह्यांनी मला सांगितलं नाही, मी ह्यांना सांगितलं नाही. एका ताटावर बसायचो आणि मुलींशी बोलायचो.

अव्वांनी मला विचारलं होतं, तू होतीस ना ग तिथं, काय झालं. मी म्हणाले, मी आधीच मागे पडले होते, काही दिसलं नाही. त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यासारखी बाई मागेच पडणार.

मग पेपर आला. अव्वा तो घेऊन माझ्याकडे आल्या आणि चौकटीखाली बसल्या. वाच म्हणाल्या. त्यात लिहिलं होतं की दगडफेक करणाऱ्या जमावातला एक इसम पळापळीत पडून दगावला. मी वाचलं. दगडफेक हा शब्द गाळावा असं मनात आलं, पण वाचताना मला पुढचं आधी दिसत नाही, मी बोट ठेवून वाचते, तोंडातून निघून गेला. अव्वांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "मेला ते मेला. पण माझा पोरगा दगड उचलणारा न्हवता. कोणी तरी बघितलं असंल की ग. एवढं एक कोणी सांगितलं तर मी बाकी काई मागत न्हाई."

त्यानंतर त्या मोर्चातल्या एकेका बाईच्या घरी जाऊ लागल्या. गुडघे धरलेले, भिंतीला हात लावत जायच्या. परत आल्या की मला सांगायच्या, तिनं पण न्हाई बघितलं. मी पीठ मळत ऐकायची.

लातूरहून चौकशीचे साहेब येणार असं कळलं तेव्हा मी ह्यांना सांगितलं. मुली शाळेत होत्या. हे दाढी करत होते.

मी म्हणाले, "मी तिथंच होते त्या दिवशी."

वस्तरा थांबला. म्हणाले, "किती बघितलंस?"

"समदं."

"मला वाटलं दगड उचलून राहिला." आरशाकडे बघूनच बोलत होते. "दोन दिवस एका जागी उभं केलं होतं आम्हाला. डोळ्यापुढं अंधारी येत होती. वाकला आन् मला वाटलं दगड."

"माझी घागर उचलत होता."

हे त्यांना माहीत नव्हतं. अर्धी दाढी तशीच ठेवून ते खाली बसले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. मग मी विचारलं, मी जाऊ का सांगायला. फक्त म्हणाले, पोरींचं काय. मी म्हणाले, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. ह्यांची नोकरी गेली तर उमरीकडच्या कोरड्या रानात आम्ही काय करणार होतो, आणि नवऱ्याला आत घालणारी बाई म्हणून मला माहेरी बिलोलीकडे कोण उभं करणार होतं. आणि नाही सांगितलं तर त्या अंगणात रोज पीठ कसं मळणार होते. मी तीन दिवस दोन्ही बाजूंनी विचार केला आणि कुठूनच बाहेर पडायला वाट दिसली नाही. मोर्चातल्या बायांच्या यादीत माझंही नाव होतं, ते पुकारलं तेव्हा उठून गेले, एवढंच.

शाळेच्या एका वर्गात चौकशी होती. मोर्चातल्या बायांना एकेक करून बोलवत होते. कारकून विचारायचा, लिहायचा, शाईची डबी पुढे सरकवायचा. अंगठा उठवला की पुढची बाई. कागदाच्या शेवटी "वाचून दाखवला, बरोबर आहे" असं लिहिलेलं असायचं, पण वाचून कोणालाच दाखवत नव्हते. ती पद्धतच होती. बायांनाही ते खटकत नव्हतं, कारण आजवर सगळ्या कचेऱ्यांत तसंच झालं होतं.

मी काय पाहिलं ते सांगितलं. इतक्या हळू की कारकून दोनदा म्हणाला, मोठ्यानं बोला. मग त्यानं डबी सरकवली. मी म्हणाले, मला वाचता येतं.

"वाचा मग," तो म्हणाला. "संध्याकाळ नका करू बाई."

मी बोट ठेवून वाचलं. त्यात होतं की पळापळीत इसम पडला आणि मला अधिक माहिती नाही. आधीच्या सगळ्या बायांचं जे होतं तेच माझंही. मी म्हणाले, हे मी बोलले नाही. पलीकडच्या टेबलावरून साहेब उठून आले. त्यांनी मला पुन्हा सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, "बाई, हे तुमच्या नवऱ्याबद्दल आहे. समजतंय ना?"

मी म्हणाले, हाव, समजतंय. साहेबांनी कारकुनाला नवा कागद घ्यायला सांगितलं आणि आपल्या जागी गेले.

दुसरा कागदही मी वाचला. त्यात वाकलेला माणूस होता, घागर होती, काठी होती. हातात दगड नव्हता असंही होतं. पण ह्यांनी त्याला उचलून नेलं ते नव्हतं, आणि दोन दिवस उभं ठेवल्याचंही नव्हतं. मी तेही सांगितलं होतं.

कारकून वैतागला. म्हणाला, ते कामाचं नाही. "नवऱ्याला बुडवायला आलात का वाचवायला, एक काय ते ठरवा."

मला काहीच ठरवायचं नव्हतं. "मी दोन्ही बघितलंय," मी म्हणाले. "दोन्ही लिहा. न्हाई तर सही करत न्हाई."

जन्मात मी कोणाला असं बोलले नव्हते. त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. तिसरा कागद लिहून झाला, तो मी पहिल्यापासून वाचला आणि सही केली. माझी सही मोठी आणि वाकडी आहे, ओळीत बसली नाही.

सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं वाटलं नाही. घरी जायची वाट तीच होती.

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी सांगावं म्हणून मी सरळ अव्वांच्या दारात गेले. उंबऱ्याबाहेर बसून सगळं सांगितलं. माझी घागर, ह्यांची काठी, आधी खोटं बोलले तेही. अव्वा जात्याला टेकून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "दगड न्हवता ना त्याच्या हातात?"

"न्हवता अव्वा."

"लिवलं त्यांनी?"

"लिवलं. मी वाचून बघितलं."

मग मी म्हणाले की ह्यांनी उचलून नेलं तेही लिहायला लावलं. आपलं काही लपवायचं नाही म्हणून सांगितलं. त्यावर अव्वांनी माझ्याकडे पाहिलं.

"ते कशाला लिवायला लावलंस ग," त्या म्हणाल्या. "मला आता त्याचा नीट राग पण करता येईना."

आणि थोड्या वेळानं, मुलींना हाक मारतात तशा साध्या आवाजात: "उद्यापासून माझ्या दारात येऊ नको."

पुढचं थोडक्यात लिहिते. पोलिसांच्या बायका माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या, मी नवऱ्याला बुडवलं म्हणून. गल्लीतल्या बायाही बंद झाल्या, मी नवऱ्याला सावरून घेतलं म्हणून. ह्यांना नोकरीवरून घरी बसवलं. कोर्ट चाललं. आम्ही उमरीकडे गेलो आणि दुष्काळी कामावर दोघांनी खडी फोडली. काही सालांनी हे कोर्टातून सुटले आणि ह्यांना नांदेडला परत हजर करून घेतलं, पण बंदोबस्ताला पुन्हा कधी धाडलं नाही. हातात काठी द्यायचे नाहीत, ह्यांनीही मागितली नाही. मला ते एका शब्दानं लागेल असं बोलले नाहीत. खरं तर त्या दिवसाबद्दल पुन्हा बोललेच नाहीत.

फक्त एक विचारतात. अजूनही, वर्षातून एखादे वेळी, जेवताना. "अव्वा माझ्याबद्दल काय म्हणल्या होत्या तेव्हा?"

मी म्हणते, काही नाही म्हणल्या. साहेबांपुढे मी दोन्ही लिहायला लावलं, पण नीट राग करता येईना हे अव्वांचं एक वाक्य मी ह्यांना आजवर सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्यांना ती माफी वाटेल. ती माफी नव्हती. मी समोर बसले होते, मला माहीत आहे. ते मान हलवतात आणि जेवत राहतात, आणि मी त्यांच्या ताटात भाकरी वाढते.