आजाराच्या सालची ज्वारी

कर्ता माणूस आजारी पडला तर घर कशाने चालावे, याचे कायदे होण्यापूर्वी ती काळजी कोण वाहत होते? परवा जमिनीखाली धान्य साठवण्याच्या एका जुन्या पेवाचे तोंड उघडले आणि त्या कोंदट, आंबूस वासाने हा प्रश्न मला पुन्हा पडला. निजामाच्या मोगलाईत मी नांदूरघाटाजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. सुगीत प्रत्येक घर गावच्या सामाईक पेवात टोपलीभर ज्वारी ओतत असे, आणि कर्ता आजारी पडला की त्या घराला त्यातून धान्य मिळे. एका वैशाखात विहिरी खणणाऱ्या एका माणसाची विधवा पाटलांच्या ओसरीपुढे उभी राहिली. पाटील म्हणाले, "यंदा तुमी टोपली टाकली न्हाई, बाई." ती म्हणाली, "सालभर ते अंथरुणात व्हते, मालक. टाकायची कुठून?" पाटील म्हणाले, "उद्या बघू." ती गेल्यावर त्यांची आई म्हणाली, "उभ्या, धडधाकट माणसाला पेव कावून लागतंय रे? आजाराच्या सालाची टोपली भरली असंच धर." सकाळी पेव उघडून आम्ही ज्वारी घेऊन गेलो, तेव्हा तिच्या दाराला कडी होती. पोरांना घेऊन ती पहाटेच गाव सोडून गेली होती. ज्वारी आम्ही पुन्हा पेवात ओतली. आजाराचे साल भरलेले धरण्याचा नियम मात्र त्या दिवसापासून गावात चालू झाला. आज विम्याचा कायदा वाचताना मी प्रथम हेच कलम शोधतो. वाचकांनी आपल्या गावातील जुन्या माणसांना विचारून हे पडताळून पाहावे, ही विनंती.