वाणाच्या गोळ्या

बाळंतपणं संपली की बाईचं रक्त कुणी बघत नसे. घाटकोपरच्या ज्या इस्पितळात मी नवी डॉक्टर म्हणून लागले होते, तिथे गरोदर बाई आली की तिचं हिमोग्लोबिन मोजायचे. चाळिशी उलटलेली बाई "चक्कर येते, अंग गळून जातं" म्हणत आली की तिच्या हातात टॉनिकची बाटली ठेवून "वय झालं आता" म्हणायचे. मला त्याचा संताप यायचा. या बायकांचं रक्त खरंच किती कमी आहे, ते मोजायचं मी ठरवलं.

इस्पितळाचा संशोधनासाठी एक निधी होता, पण तो वर्षानुवर्षं त्याच मोठ्या डॉक्टरांत फिरायचा. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "आधी थोडे आकडे आण, मग निधीचं बघू." मी म्हटलं, "सर, आकडे आणायलाच पैसे लागतात." ते हसले. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. त्यांच्या नकारापेक्षा हसण्याचाच मला जास्त राग आला, आणि पुढचं बरंच काम त्या रागानेच करून घेतलं.

मुलुंडला आमच्या सोसायटीचं महिला मंडळ होतं. दर संक्रांतीला मंडळ हळदीकुंकू करायचं आणि वाण म्हणून स्टीलच्या वाट्या लुटायचं. मी अध्यक्षबाईंकडे जाऊन म्हटलं, "यंदा वाट्या नकोत, ते पैसे मला द्या. येईल तिचं रक्त मी तपासते, आणि ज्यांचं कमी भरेल त्यांना लोहाच्या गोळ्यांची पुडी देते. हेच यंदाचं वाण."

"सणाच्या दिवशी सुया टोचणार?" त्या दचकल्याच. पण त्यांच्याही घरात आता वाट्या ठेवायला जागा उरली नव्हती. दोन दिवसांनी त्या हो म्हणाल्या. आयुष्यातलं पहिलं संशोधन अनुदान मला असं मिळालं.

यंत्र आणलं, कापूस, स्पिरिट, गोळ्या आणल्या. मग कोण कोण येईल याचा अंदाज घेताना ध्यानात आलं, की हळदीकुंकवाला येणार फक्त सवाष्णी. म्हणजे नवरा गेलेली एकही बाई माझ्या अभ्यासात नाही, आणि इस्पितळात चक्कर येते म्हणणाऱ्यांत तर त्याच जास्त. एक माझ्या घरातच होती. वडील गिरणीत होते; ते गेल्यावर आईने लोकांकडे पोळ्या लाटून मला डॉक्टर केलं होतं. जिना चढताना ती मधेच थांबायची आणि वरच्या मजल्यावर कोण भांडतंय ते ऐकतेय असं दाखवायची.

मी परत अध्यक्षबाईंकडे गेले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अगं, हळदीकुंकवाला त्यांना कसं बोलवायचं? त्यांनाच अवघड वाटेल ना."

"हळदीकुंकू तुम्ही हवं तिला लावा. टेबल माझं आहे. टेबलापाशी येईल तिला वाण मिळणार. नाहीतर पैसे परत घ्या."

आमंत्रणं गेली होती आणि दुसरं वाण आणायला वेळ नव्हता. "तू फार हट्टी आहेस गं," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्यातली कुणी आली नाही, तर मला बोलू नकोस."

खरोखरच कुणी तयार होईना. मी दारोदार फिरले. एकीचे गुडघे दुखत होते, एकीचा उपास होता, एकीने दारच उघडलं नाही. उरली आई, आणि ती तर सगळ्यांत पक्की.

"माका नको गो," ती म्हणाली. "त्यांचो सण आसा, त्यांका करूंदेत. मी मधी कित्याक तडमडू?"

"तू नाही आलीस तर एकही येणार नाही. मग माझं सगळं काम खोटं."

ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. पण कामात खोट तिला खपत नसे. कच्ची पोळी तिने कधी कुणाच्या ताटात जाऊ दिली नव्हती.

हळदीकुंकवाच्या दिवशी ती आली. सोसायटीच्या हॉलमधली कुजबुज थांबली. अध्यक्षबाई करंडा घेऊन बाजूला झाल्या. आई सरळ टेबलापाशी आली आणि तिने बोट पुढे केलं. रक्ताचा तो लाल थेंब पाहून कुणाला काही सुचलं असेल तर असो, मी आकडा बघत होते. तो इतका कमी होता की मी तिला पुन्हा टोचलं. आकडा तोच. मला रडू आलं आणि रागही आला. पुडी तिच्या हातात ठेवून मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हे तुझं वाण." तिने ती पदराच्या टोकाला बांधली.

अध्यक्षबाई हॉलमधून निघून गेल्या. आता त्या पैसे परत मागणार, असं मी धरून चालले. थोड्या वेळाने त्या आपल्या विधवा सासूबाईंना हाताला धरून घेऊन आल्या. "यांचंही घे," म्हणाल्या. त्यानंतर मात्र खुर्च्या पुरेनात.

विभागप्रमुखांनी आकडे वाचले. या वेळी ते हसले नाहीत. निधीतून पैसे मिळाले, पण गोळ्यांनी रक्त वाढतं का हे दाखवायच्या अटीवर. तीन महिन्यांनी मी सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासलं. बहुतेकींचं वाढलं होतं. अध्यक्षबाईंच्या सासूबाईंना तर सुनेशी भांडायला नवा जोर आला होता. आईचा आकडा मात्र जागचा हलला नव्हता. पोटात कुठे आतून रक्त जातंय की काय, या विचाराने माझ्या जिवाचं पाणी झालं. पुढच्या तपासण्यांसाठी मी तिचं नाव इस्पितळात नोंदवलं.

त्याच आठवड्यात चादर काढायला मी तिची ट्रंक उघडली. तळाशी, वडील असतानाची वाणं तिने जपून ठेवली होती: वाट्या, फणी, छोटा आरसा. त्यांच्यावर माझी पुडी होती, न उघडलेली.

"आई, या गोळ्या घ्यायच्या होत्या."

"वाण आसा तां," ती म्हणाली. "वाण काय कोण खाता?"

मी पुडी होती तिथेच ठेवली आणि ट्रंक लावली. मग नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून त्याच गोळ्या विकत आणल्या, पेला भरला आणि तिच्यासमोर उभी राहिले.

"हे वाण नाही, औषध आहे. गीळ."

तिने गिळली. मग तिचा आकडा वर येईपर्यंत मी रोज तशीच पेला घेऊन उभी राहिले.