पहिल्या नांगराचं मुंडासं

भागूबाईनं पोराला दारूचा पहिला पेला स्वतःच्या हातानं भरून दिला, आणि हे तिनं कधी लपवलं नाही. घाटातून आगगाडी धावू लागून दहा-बारा वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. कडाव गावात भातलावणीआधीच्या चिखलणीला इर्जिक असे. सगळ्यांचे नांगर एकेकाच्या शेतात उतरायचे आणि संध्याकाळी त्या घरानं नांगऱ्यांना मोहाची पाजायची. पहिल्यांदा नांगर धरणाऱ्या पोरालाही पंगतीत पेला मिळे. तेराव्या वर्षी गजाला तो मिळाला, तेव्हा विधवा भागूबाईचा ऊर भरून आला. बापाच्या जागी पोर उभं राहिलं होतं.

पंधराव्या वर्षी ते पोर धड उभंही राहीना. सकाळीच प्यायचा, आईवर हात उगारायचा. एकदा तर बियाण्याचं भात देऊन दारू घेऊन आला. गावानं नाकं मुरडली. पण ह्याला शिकवलं कुणी, हे कुणी विचारलं नाही. भागूबाईनं विचारलं, आधी स्वतःला.

त्या आषाढात तिनं सांगून टाकलं, की माझ्याकडे जेवण पोटभर मिळेल, दारू थेंबभर नाही. रीत मोडलीस तर नांगर येणार नाहीत, असं आबाजी पाटलांनी बजावलं. तसंच झालं. दुपार होत आली तरी एकही जोडी फिरकली नाही. रोपं लावणीला आलेली. चिखलणी चुकली की वर्षाचं भात गेलं.

भागूबाईनं पदर खोचला, घरचे बैल जुंपले आणि नांगराची मूठ धरली. बाईनं नांगर धरला तर गावावर अरिष्ट येतं, असं मानणारं ते गाव. बांधावर ही गर्दी जमली. आबाजींनी तिला सोड म्हणून दरडावलं.

"धरनारा शुदीवर असता, तर मी कशाला धरला असता?" ती म्हणाली.

ओटीवर पडलेल्या गजाला कुणीतरी हलवून उठवलं. तो धडपडत आला, मान खाली घालून चिखलात उतरला.

"आये, सोड. मी धरतो."

नांगराचं तास वाकडं जात होतं, दोनदा तो वाकून ओकला. पण मूठ सोडली नाही. ते पाहून आबाजी आपली जोडी घेऊन आले, मागून बाकीचेही उतरले.

संध्याकाळच्या पंगतीत भागूबाईनं नवऱ्याचं जपून ठेवलेलं मुंडासं गजाच्या डोक्याला बांधलं. "मागल्या खेपेला मी चुकले रं. तुजा पयला नांगर आजचा."

गजा पुढेही दोनदा घसरला, दोनदा उठला. मोठे पीतच राहिले. पण पहिला नांगर धरणाऱ्या पोराला कडावात पुन्हा कुणी पेला दिला नाही. ती पोरं भागूबाईच्या ओटीवर यायची, डोकं वाकवायची आणि तिच्या हातून मुंडासं बांधून घ्यायची.